पाच मिलिमीटरचा पीळ

ज्वारी निघाली की बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या आमच्या रानात नुसती धसकटं उरतात. त्या धसकटांत आमचं विमान तीनदा पडलं, आणि तिन्ही वेळा एकाच तऱ्हेनं. बांधाजवळ डावीकडे वळताना डावा पंख एकदम खाली बसला, नाक जमिनीकडे गेलं आणि पुढच्या क्षणी मातीत थर्माकोलचा चुरा. रिमोट पुतण्याच्या हातात होता. "काका, मी उजवीकडंच दाबत होतो," तो रडवेला होऊन म्हणाला. तो खरं बोलत होता, आणि विमान पडलं ते त्यामुळेच.

संपादकांनी मला छोट्या विमानांच्या छंदावर सर्वसाधारण लेख मागितला होता. त्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असतो, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात आणि पुण्याच्या 3 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रनसारख्या तुकड्यांतून मुलं तिथवर पोचतात. पण माझं मन त्या डाव्या पंखातच अडकून राहिलं, म्हणून लेखही तिथेच थांबतो.

विमान साधंच. पंखाची लांबी 120 सेंटिमीटर, वजन 900 ग्रॅम. पंख मुळाशी 20 सेंटिमीटर रुंद आणि टोकाशी 14. थर्माकोल, वर तपकिरी टेप, आत बांबूची काडी, पुढे ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे नऊ-नऊ ग्रॅमचे सर्वो. तोल आम्ही नीट पाहिला होता. ज्यानं संक्रांतीला पतंगाची कण्णी बांधली आहे, त्याला तोल शिकवावा लागत नाही. कण्णीची गाठ बोटभर सरकली तरी पतंग गोते खातो. विमानातही बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंचवीस ते तीस टक्के रुंदीच्या दरम्यान आणावा लागतो. आमचा तिथेच होता.

मग पंख का पडत होता? पंख हवेला जितका जास्त कोन करून उभा राहील तितकी उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या पलीकडे पाठीवरून वाहणारी हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते. यालाच स्टॉल म्हणतात. संपूर्ण पंख एकदम स्टॉल झाला तर विमान नाक टाकून सरळ खाली येतं आणि सावरतं. टोक आधी स्टॉल झालं, तर तेवढी बाजू कोसळते. आमच्या पंखाचं टोक निमुळतं होतं, आणि पंख अरुंद झाला की हवा त्याला लवकर सोडते. लहान विमानाला तर हे फारच जाचतं. ताशी 36 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या 20 सेंटिमीटर रुंदीच्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे हवेच्या रेट्याचं तिच्या चिकटपणाशी असलेलं गुणोत्तर, सव्वा ते दीड लाखाच्या घरात असतो. चार आसनी विमानाचा कित्येक दशलक्ष असतो. लहान पंखाभोवतीची हवा आळशी असते, पंखाच्या पाठीला धरून फार वेळ राहत नाही.

त्यात आमची जागा. चौसाळा बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. मे महिन्यात चाळीस अंशांत इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ असते, म्हणजे स्टॉल सात-आठ टक्के जास्त वेगालाच गाठतो. 45 अंश कलून वळलं की तो वेग आणखी 19 टक्क्यांनी वाढतो. पुतण्या नेमका त्या काठावर वळत होता. डावा पंख बसला म्हणून त्यानं उजवीकडे दाबलं, त्याबरोबर डाव्या पंखाची एलेरॉन झडप खाली गेली. खाली गेलेली झडप टोकाचा कोन वाढवते. आधीच स्टॉल झालेलं टोक त्यामुळे आणखी बुडालं.

यावर उपाय जुना आणि फार देखणा आहे. पंखाला पीळ द्यायचा. टोकाची मागची कड मुळाच्या मानानं किंचित वर उचलायची, म्हणजे टोक हवेला दोन अंश कमी कोनात भेटतं. मुळाशी स्टॉल सुरू झाला तरी टोक अजून उडत असतं, एलेरॉन हाताला उत्तर देते. 14 सेंटिमीटर रुंदीला दोन अंश म्हणजे पाच मिलिमीटर. चौथा पंख चिकटवताना आम्ही सपाट फळीवर टोकाच्या मागच्या कडेखाली पाच मिलिमीटरची पट्टी सारली आणि डिंक वाळेपर्यंत वर विटा ठेवल्या. दोन्ही बाजूंना अगदी सारखी पट्टी हवी, एका बाजूला कमीजास्त झाली की विमान कायमचं एका अंगावर वळत राहतं.

राइट बंधूंनी 1899 साली पाच फुटी पतंगाचे पंख दोऱ्यांनी पिळून पाहिले होते. त्यांचा पीळ उडताना बदलायचा, वळवण्यासाठी होता. आमचा कायमचा आहे. आमच्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर पवनचक्कीचं पातं घेऊन ट्रेलर थांबला, तर मुलांना तो बघायला न्यावं. पातं मुळाशी वेगळ्या कोनात आणि टोकाशी वेगळ्या कोनात असतं. तिथे कारण निराळं आहे, टोक मुळापेक्षा कितीतरी वेगानं फिरतं. पण वारा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनातून येतो हे डोळ्यांना दिसतं.

बाकीच्या दुरुस्त्या लहान आहेत. एलेरॉन जेवढी वर जाते त्याच्या निम्मीच खाली जाऊ द्यायची, म्हणजे वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जात नाही. बिजागरीची फट चिकटपट्टीनं बुजवायची. पंखाच्या पाठीवर पुढच्या कडेजवळ शिवणाचा दोरा आडवा चिकटवला तर आळशी हवा ढवळली जाते आणि जास्त वेळ चिकटून राहते. टोकाला उभे पंखुडे लावायचा मोह मुलांना होतो. दिसतात छान, पण या आकाराला त्यांचा उपयोग नगण्य आहे.

पिळाची किंमतही आहे. थोडी उचल जाते, आणि विमान उलटं उडवलं तर तोच पीळ उलटा बाधतो. शिकणाऱ्यानं ती किंमत आनंदानं द्यावी.

मला काळजी वाटते ती तयार विमानांची. त्यांत जायरो बसवलेला येतो, वाऱ्यात विमान आपोआप सपाट ठेवतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला उडवता येतं. पण पंखाचं टोक स्टॉल झालं की जायरोही पुतण्यानं केलं तेच करतो, पडणाऱ्या बाजूची झडप खाली दाबतो. वाईट पंखाला जायरो चांगला करत नाही. आधी पीळ, मग हवा तर जायरो.

अडचणी आणखी आहेत. रब्बी निघाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतच रान मोकळं असतं. त्यातही सकाळचे दोन तास हाती लागतात, ऊन चढलं की वावटळी उठतात. रानातून विजेच्या तारा गेलेल्या आहेत. 2024 मध्ये रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी मराठवाड्यातली गावं धास्तावली होती, त्यामुळे आकाशात काही घरघरलं की माणसं अजून थबकतात. 2021 च्या ड्रोन नियमांत छंदाच्या आणि शिक्षणाच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे, 25 किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. पण ती गावात कोणाला ठाऊक नसते. उडवण्याआधी सरपंचांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सांगून ठेवणं हे मी कर्तव्य मानतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर गाव सोडणारी मुलं. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि शाळेचं वर्ष जवळजवळ संपलेलं असतं. पुण्याची एनसीसी इथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. त्या मुलांसाठी ती त्याहूनही लांब आहे.

बीड जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. महागडं किट मागवू नका. थर्माकोल, टेप आणि पाच मिलिमीटरची पट्टी घ्या, मोटरशिवाय हातानं फेकायचं विमान करा आणि ते एप्रिलमध्ये करा, फडावरून मुलं परतल्यावर. आधी सरळ पंख फेकू द्या, मग पिळाचा. फरक त्यांचा त्यांना दिसेल.