दुसऱ्या कोकराला दूध कोण पाजणार?

मेंढ्याकडे नुसतं पाहून त्याच्या लेकींना जुळी होतील की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. शिंगं दिसतात, छाती दिसते, चाल दिसते, पण ही गोष्ट दिसत नाही. जुळी होण्याचा गुण प्रकट होतो मादीत, आणि नर तो मुकाट्याने पुढच्या पिढीला देत राहतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, मेंढ्यांवर जे काम झालं त्यातली कितीतरी खटपट या न दिसणाऱ्या गोष्टीपायी झाली. लोकांपर्यंत बातमी पोचली ती 'जुळी देणारी मेंढी' एवढीच. त्यामागे काय काय घडलं, ते सांगायला हवं.

बनबिहारी निंबकरांनी ही संस्था १९६८ साली काढली. आधी पिकांवर काम होतं. 'नारी-६' ही बिनकाट्यांची करडई तिथलीच. शेळ्या-मेंढ्यांकडे लक्ष वळलं ते नंतर, आणि ते वळणं साहजिक होतं. फलटण-लोणंदचा मुलूख दख्खनी मेंढीचा. काटक जनावर, मैलोन्‌मैल चालणारं, कोरड्या माळावर जगणारं. पण एका वेताला कोकरू एकच. घोंगडीच्या लोकरीला भाव राहिला नाही तसा धनगराचा सगळा हिशेब त्या एका कोकरावर येऊन ठेपला. तीन-चार महिन्यांचं नर कोकरू विकायचं, त्यावर घर चालवायचं. त्यात आणखी एक नुकसान दडलेलं असतं. जे कोकरू सर्वांत चांगलं वाढलं, तेच व्यापारी आधी उचलतो. मागे उरलेल्यांतून कळपाचा मेंढा ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं, तर कळपाला चढती कळा यायची कुठून?

जुळ्यांचा गुण सापडला तो बंगालच्या सुंदरबनात. तिथली गारोळ मेंढी पाहिली तर आपल्याकडचा धनगर तिला मेंढी म्हणायलाही तयार होणार नाही. मोठी झालेली मादी जेमतेम १२ ते १४ किलोंची, दख्खनीच्या निम्म्याहून कमी. पण तिला जुळी होणं नेहमीचंच, तिळीही होतात. खाऱ्या दमट हवेत, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. चिंचोटीहून खाली नायगावची मिठागरं आणि वसईच्या खाडीची तिवरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिचा मुलूख डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत. अशा दलदलीतलं जनावर १९९०च्या दशकात फलटणसारख्या दुष्काळी पट्ट्यात आणलं गेलं.

या मेंढीचं एक नातं थेट ऑस्ट्रेलियाशी आहे. न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळ 'बुरूला' नावाच्या मळ्यावर सियर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या नवलाईने जास्त कोकरं देत होत्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी तो कळप अभ्यासाला घेतला आणि १९८०च्या सुमारास असा निष्कर्ष मांडला की हे एकाच जनुकाचं काम आहे. मग शोध सुरू झाला, हे जनुक मेरिनोत आलं कुठून? हेलन न्यूटन टर्नर यांनी जुने कागद चाळले. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजाने गेल्याच्या नोंदी होत्या. २००१ साली तो नेमका जनुकीय बदल सापडला आणि २००२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात गारोळमध्ये तोच बदल मिळाला. जगभरच्या प्रयोगशाळा ज्याला 'बुरूला जनुक' म्हणून ओळखतात, तो मूळचा आपल्या गंगेच्या मुखाशी राहणाऱ्या गरिबाच्या मेंढीतला असावा, हे वाचून मला आजही भरून येतं.

फलटणला मात्र याच्या कितीतरी आधी काम सुरू झालं होतं आणि अडचण रोकडी होती. गारोळ आणि दख्खनीच्या संकरातून होणारी कोकरं लहानखुरी. बाजारात भाव वजनाला. दोन लहान कोकरांचे मिळून एका मोठ्याइतकेच पैसे येणार असतील, तर धनगराने हा व्याप कशाला करावा? म्हणून संकरित मादी पुन्हा दख्खनीला द्यायची, तिची मादी पुन्हा दख्खनीला, असं करत गारोळचं बारकं अंग मागे टाकायचं आणि ते एक जनुक तेवढं राखायचं. बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पिढीत निम्म्या कोकरांतून ते जनुक गळून जातं, आणि कुठल्या निम्म्या, ते कळत नाही.

जनुकाची थेट चाचणी हाती येण्याआधी हे ओळखायचं कसं? मादी असेल तर तिच्या वेतांच्या नोंदी ठेवायच्या, किंवा दुर्बिणीने पोटात पाहून एका माजाला किती अंडी सुटली ते मोजायचं. त्यातही फसगत ठरलेली, कारण जनुक असलेली मेंढीही एखाद्या वेताला एकच कोकरू देते. नराचं तर विचारूच नये. त्याला माद्या दाखवायच्या, पाच महिन्यांनी लेकी जन्मणार, त्या वाढणार, गाभण राहणार, विणार, तेव्हा कुठे बापाबद्दल काही बोलता येणार. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि दाणावैरण चालूच असते. चाचणी आल्यावर रक्ताच्या थोड्या नमुन्यावर काम भागू लागलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यात भागीदार होती, ऑस्ट्रेलियातली विद्यापीठंही होती. निंबकरांची कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम चालवलं आणि त्यांची डॉक्टरेटही ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाची. यातूनच 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी उभी राहिली. ज्या मेंढ्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत, तो कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळणारच. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही खात्री फार मोलाची. दख्खनीत या जनुकाचा जोर मेरिनोपेक्षा कमी पडतो, तिळी क्वचितच होतात, हेही नशीबच म्हणायचं.

कारण जुळी होणं ही धनगराला मुळात आनंदाची बातमी नव्हती. त्याचा पहिला प्रश्न असतो दुधाचा. मेंढीच्या आचळात एका कोकरापुरतं दूध, मग दुसऱ्याला पाजणार कोण? वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, रोज हलतो. अशक्त कोकरू चालत नाही, ते घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात बसवायचं किंवा बाईने काखेत घ्यायचं. वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या कुंपणातल्या, कोकरांची देखभाल बहुतेक बायकांकडेच असते, तेव्हा नव्या जातीचा जास्तीचा भार कुणावर पडणार हे उघड आहे. संस्थेच्या आवारात जुळी जगवणं आणि माळावर जगवणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर.

म्हणून मला या कामातला सर्वांत मोठा भाग प्रशिक्षणाचा वाटतो. गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात मेंढीला वरचा खुराक द्यायचा. जन्मल्यावर लगेच दोन्ही कोकरांच्या पोटात चीक जातोय ना, ते पाहायचं. हलकं असेल ते आधी आचळाला लावायचं, कमी पडलं तर शेळीचं दूध पाजायचं. जंताचं औषध वेळेवर. कानात बिल्ला, काट्यावर वजन, वहीत नोंद. यातलं काहीही वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही. पण हे झालं नाही तर जनुक असून नसल्यासारखं.

आपल्या भागाशी याचा संबंध काय, असं चिंचोटी-कामणच्या वाचकाला वाटेल. संबंध आहे. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात, ठाणे-पालघरपर्यंत पोचतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, जमिनीला लेंडीखत मिळतं, आणि पावसाच्या आत परत फिरतात, कारण दख्खनी मेंढीला इथला पाऊस सोसत नाही. जुळ्यांचा खरा कस लागतो तो या चालीत. आणि आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे डांगी गुरं आहेत, ज्यांच्या तेलकट कातडीवरून मुसळधार पाऊस निथळून जातो. प्रत्येक मुलखाने आपलं जनावर असं घडवलेलं असतं. सुधारणा करायची ती हा घडीवपणा न मोडता. फलटणच्या कामाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी दख्खनीचा काटकपणा टाकला नाही, गारोळचं जेवढं हवं होतं तेवढंच घेतलं. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही याच गारोळच्या जनुकातून 'अविशान' ही मेंढी तयार केली.

आता उरलेलं काम कंटाळवाणं आहे आणि तेच अडतं. कळपात सोडलेला मेंढा दोन वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो. बदली मेंढा तपासलेला हवा. त्यासाठी कुणाच्या मेंढीला कधी काय झालं, याची वही फिरत्या वाड्यांमागे फिरून कुणीतरी भरायला हवी, रक्त तपासायला पैसे हवेत, आणि संशोधनाचा प्रकल्प संपल्यावरही त्या माणसाचा पगार चालू राहायला हवा.