मूल्यमापनपर निबंध कसा लिहावा?

‘या पुस्तकाचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न आला की पुष्कळजण एकतर कथानक सांगत बसतात, नाहीतर स्तुती करून मोकळे होतात. आम्हीही विद्यार्थीदशेत हेच केले आणि गुण गमावले. मूल्यमापन म्हणजे निकष लावून, पुराव्यासह दिलेला निर्णय.

उदाहरणादाखल दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन घेऊ. प्रथम निकष ठरवावेत. प्रामाणिकपणा, समाजदर्शन आणि मांडणी हे तीन पुरेत. मग प्रत्येक निकषाला पुस्तकातलाच पुरावा द्यावा. ‘लेखक प्रामाणिक आहे’ एवढे लिहून भागत नाही. वडिलांचे व्यसन आणि स्वतःचा दुबळेपणाही तो झाकत नाही, हे दाखवावे लागते. समाजदर्शनासाठी गावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना येथील जगणे पाहावे. मांडणीचे म्हणाल, तर शिकलेल्या दया पवारांना त्यांच्यातलाच दगडू आपली कहाणी सांगतो. ही योजना शेवटपर्यंत साधली आहे काय, याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

उणीव जाणवली तर तीही सकारण लिहावी. आपल्या माणसाच्या पुस्तकात उणे कसे काढावे, असा संकोच आम्हांलाही वाटे. परंतु उणिवा पाहून केलेल्या गौरवावरच वाचकाचा विश्वास बसतो.

शेवटी सर्व निकष एकत्र तोलून दोन-तीन वाक्यांत निर्णय द्यावा. तो गाईडमधून उतरवू नये. पुस्तक स्वतः वाचा, स्वतः तोला आणि मगच लेखणी उचला.