नदीकाठचे बूट

‘‘एवढ्या थंडीत कुणी फिरायला जातं का गं?’’ सासूबाईंनी विचारलंच. पण जानेवारीत विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं आणि आम्ही दोघं व्हिएन्ना-बुडापेस्टला निघालो.

व्हिएन्नात शॉनब्रुन राजवाडा पाहिला. १४०० हून जास्त खोल्या! इथल्या राणी मारिया थेरेसाला १६ मुलं झाली आणि तिनं राज्य केलं ४० वर्षं. आपण दोन डबे भरतानाच दमतो, असं म्हणून मी हसले.

तिथून रेल्वेनं तीनेक तासांत बुडापेस्ट. संध्याकाळी साडेचारलाच दिवेलागण. संसदेजवळ डॅन्यूब नदीच्या काठावर बूट मांडलेले दिसले. जवळ जाऊन बघते तर लोखंडाचे! ६० जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना इथं उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. प्रेतं नदीतून वाहून गेली. बुटांना किंमत होती, माणसांना नव्हती. त्यांच्या आठवणीसाठी २००५ मध्ये हे स्मारक झालं. त्यात बायकांचे टाचेचे बूट आहेत, चिमुकल्या पोरांचेही. एका बुटात कुणी फूल ठेवलं होतं. दोन-दोन मोजे घालूनही माझे पाय गारठले होते. ती माणसं तर अनवाणी उभी होती!

मैत्रिणींनो, दारातल्या चपलांच्या पसाऱ्यावरून मी रोज मुलांना ओरडायची. परत आले त्या दिवशीही तो होताच. मी मुकाट्यानं जोड मोजले. सगळे घरात होते.