डॉ. पंजाबराव देशमुख : प्रांतिक कौन्सिलांतून लोकसभेपर्यंत

आपल्या मतावर निवडून गेलेल्या प्रतिनिधींपैकीं कोणापुढें कोणतें गाऱ्हाणें मांडावें, हें पुष्कळ शेतकरी बंधूंस नीटसें ठाऊक नसतें. पाटाच्या पाण्याचा अर्ज खासदाराकडे आणि परदेशी कापसाच्या जकातीचा आमदाराकडे, असा प्रकार आम्हीं महसूलखात्याच्या नोकरींत पुष्कळदां पाहिला. अर्ज फिरत राहतो आणि हंगाम निघून जातो. याचा उलगडा व्हावा, म्हणून दोन्ही ठिकाणीं काम केलेल्या आपल्या वऱ्हाडांतील एका शेतकरीपुत्राचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं झाला. विलायतेंत ऑक्सफर्ड येथें डॉक्टरेट मिळवून व बॅरिस्टर होऊन ते परत आले. 1928 सालीं ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या करण्याचें काम त्यांनीं केलें. 1930 सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलांत निवडून जाऊन ते शिक्षण, शेती इत्यादि खात्यांचे मंत्री झाले. 1932 सालीं त्यांनीं अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षणसंस्था स्थापिली. कुणब्याचें पोर कागद वाचूं लागल्याखेरीज त्याची नागवणूक थांबणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

1933 चा कर्ज-लवाद कायदा होण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. या कायद्यान्वयें सावकार व कुळ यांस मंडळापुढें बोलावून कर्जाची रक्कम तडजोडीनें ठरवीत व तिचे हप्ते बांधून देत. हप्ता थकला, तर त्याची वसुली जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें होई. म्हणजे कायद्यानें कुळास सवलत दिली, तशी जबाबदारीही दिली. जमीन व सावकारी हीं प्रांताचीं कामें. म्हणून हा कायदा प्रांताच्या कौन्सिलांतच व्हावयाचा होता.

पुढें ते घटनासमितीचे सभासद झाले. 1952, 1957 व 1962 या तिन्ही निवडणुकांत अमरावतीकडून ते लोकसभेवर गेले आणि 1952 ते 1962 पर्यंत दिल्लीस शेतीखात्याचे मंत्री होते. भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनीं देशभर केला. 1955 सालीं भारत कृषक समाज स्थापिला व 1959 सालीं दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविलें. 10 एप्रिल 1965 रोजीं ते निवर्तले. अकोल्याचें कृषिविद्यापीठ त्यांच्या नांवें 1969 पासून चालूं आहे.

आतां मुद्द्याकडे वळूं. घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणें शेती, जमीन, पाटबंधारे हे विषय राज्याचे. परदेशी व्यापार व आयात-जकात हे केंद्राचे. हमीभावही केंद्र सरकार जाहीर करतें. तेव्हां आपल्या बाभुळगाव तालुक्यांतील बेंबळा धरणाचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोंचत नसेल, किंवा सातबारावरील नोंदीचा नियम जाचक असेल, तर आमदारास धरावें. परदेशी कापूस जकातीवांचून येऊन आपला भाव पडत असेल, तर खासदारास जाब विचारावा. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहूं नयेत. प्रत्येकीची नक्कल व पोंच आपल्या दप्तरीं ठेवावी.

पंजाबराव दोन्ही ठिकाणीं उपयोगी पडले, कारण कोणतें काम कोठें होतें हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. तेवढें ज्ञान मतदारासही हवें. तें असेल, तर "हें आमच्या अखत्यारींत नाहीं" असें म्हणून त्याची बोळवण करणें कोणासही सोपें जाणार नाहीं.