पंखावर धरलेला बर्फ

हिवाळ्यात टोरंटो किंवा शिकागोच्या विमानतळावर दारं बंद झाली तरी विमान लगेच धावपट्टीकडे वळत नाही. उंच पाळण्याच्या गाड्या शेजारी येतात आणि पंखांवर आधी नारिंगी, मग हिरवा द्रव फवारतात. हा सगळा खटाटोप कधीकधी मिलिमीटरभरही जाड नसलेल्या बर्फासाठी असतो.

हा बर्फ आकाशातूनच पडतो असं नाही. निरभ्र रात्री पंखाचा पत्रा उष्णता सोडत सोडत भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. तो शून्याखाली गेला, की हवेतली वाफ पाणी न होता थेट त्यावर गोठते. दुसरं कारण पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. तिथून उतरलेल्या विमानातलं इंधन बराच वेळ गारठलेलं राहतं. त्यामुळे पारा शून्याच्या वर असूनही दमट हवेत पंखावर बर्फ धरू शकतो.

त्याचं वजन किरकोळ. घात करतो तो खरखरीतपणा. पंखाच्या वक्र पाठीला लगटून हवा वाहते, तेव्हाच विमान उचललं जातं. पॉलिश पेपरइतका खरबरीत थरही हा प्रवाह विस्कटतो. उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

नारिंगी द्रव म्हणजे गरम पाणी आणि ग्लायकॉल. तो बर्फ वितळवून धुऊन काढतो, पण पातळ असल्याने लवकर ओघळतो. म्हणून वर दाट हिरवा द्रव देतात. पडणारं हिम तो स्वतःत विरघळवून घेतो आणि उड्डाणाच्या धावेत वाऱ्याने निघून जातो. मात्र त्याची मुदत हिमवृष्टीच्या जोरानुसार ठरते. ती टळली, तर पंख पुन्हा तपासावे किंवा धुवावे लागतात.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं विमान फवारणीनंतर पाऊण तासाहून अधिक काळ बर्फात रखडलं आणि तसंच उडालं. इंजिनांची बर्फरोधक यंत्रणाही बंद होती. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. ७८ जण दगावले.

हवेत गेल्यावर द्रवाचं काम संपतं. तिथून पुढे बहुतेक जेट विमानांत इंजिनातली गरम हवा पंखांच्या पुढच्या कडेत खेळवली जाते.