बोधगया महाग की बँकॉक? सहलीचा हिशेब एकदा नीट मांडूया

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या वस्त्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. एकीकडे बोधगया, सारनाथ, कुशीनगरची धम्मसहल. दुसरीकडे थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम. त्यावर हमखास येणारी प्रतिक्रिया अशी असते : "एवढ्या पैशांत तर बँकॉक होते!" वस्तीत काम करताना तरुण मुले-मुली आणि नवी नोकरी लागलेले कार्यकर्ते आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारतात. देशात फिरणे खरोखरच परदेशापेक्षा महाग झाले आहे का?

थोडक्यात उत्तर असे. सारख्या सोयी घेतल्या आणि गर्दीच्या हंगामात गेलो, तर देशातली सहल परदेशाच्या बरोबरीला येते, कधी तिच्या पुढेही जाते. पण देशात खर्चाच्या खालच्या पायऱ्या आहेत. स्लीपरचा डबा आहे, एसटी आहे, विहारातली खोली आहे. परदेशी जाताना पहिलीच पायरी उंच असते. म्हणून ज्याचे बजेट लहान आहे, त्याला देशातली सहल आजही स्वस्तच पडते. मात्र तो हिशेब मांडताना बहुतेक जण काही गोष्टी विसरतात.

तुलना कुठे चुकते?

पहिली चूक हंगामाची. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून महाबळेश्वर, मनाली, दार्जिलिंग इथे एकाच वेळी सगळा देश लोटतो आणि खोल्यांचे दर चढतात. थायलंडचा गर्दीचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळी, कमी गर्दीचा काळ, आणि त्या काळात तिथली हॉटेले दर उतरवतात. म्हणजे मे महिन्यातल्या मनालीची फुकेतशी तुलना करताना आपण एकाचा सर्वांत महाग काळ दुसऱ्याच्या सर्वांत स्वस्त काळासमोर ठेवतो. डिसेंबरअखेरीस दोन्हींकडचे दर काढून पाहा, चित्र बदललेले दिसेल.

दुसरी चूक सोयींची. परदेशी पॅकेजमध्ये विमान, हॉटेल, नाश्ता, बस सगळे एकत्र सांगितलेले असते. देशातली सहल आपण तुकड्या-तुकड्यांनी करतो. रेल्वेचे तिकीट वेगळे, टॅक्सी वेगळी, जेवण वेगळे. प्रत्येक वेळी खिशात हात घालावा लागतो, म्हणून खर्च जास्त वाटतो. पॅकेजमध्ये न धरलेला खर्च मात्र तिकडे पोहोचल्यावरच कळतो.

देशात महाग का पडते?

तक्रार अगदीच खोटी नाही. मुंबईहून बँकॉकला थेट विमाने आहेत आणि प्रवास साधारण साडेचार तासांचा आहे. गयेला जायचे तर मुंबई-नागपूरकडच्या माणसाला बहुतेक वेळा दिल्ली किंवा कोलकात्यात विमान बदलावे लागते. थंडीच्या दिवसांत मात्र बौद्ध देशांतून थेट गयेला विमाने उतरतात. कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तेव्हा तिथे उतरलेले पहिले आंतरराष्ट्रीय विमान कोलंबोहून आले होते. बुद्धभूमीला जोडणारा आकाशमार्ग आखताना परदेशी पाहुणा आधी डोळ्यांसमोर असतो, महाराष्ट्रातला उपासक नंतर.

रेल्वेच्या 'महापरिनिर्वाण एक्सप्रेस'चेही तसेच आहे. दिल्लीतून निघणारी ही वातानुकूलित गाडी आठ दिवसांत बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती दाखवते. पण तिचे भाडे परदेशी पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहे. अंगणवाडी सेविकेला किंवा कंत्राटी कामगाराला ते झेपणारे नाही.

करांचाही वाटा आहे. विमानाचे इंधन अजून जीएसटीच्या बाहेर असून देशांतर्गत उड्डाणांसाठी त्यावर राज्ये आपापला व्हॅट लावतात. हॉटेलच्या बाबतीत मात्र थोडा दिलासा मिळाला आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के कायम आहे.

शिवाय स्थानिक वाहतूक. गोव्यात ओला-उबर चालत नाही, टॅक्सीचा दर ऐकूनच माणूस दचकतो. बोधगया, राजगीर, नालंदा एका दिवसात करायचे तर खासगी गाडी ठरवावी लागते. गाडीचे भाडे दोघांनी भरायचे की आठ जणांनी, यावर सहलीचा निम्मा हिशेब फिरतो.

परदेशाचा न दिसणारा खर्च

आता दुसरी बाजू. ज्या घरात कुणाकडेच पासपोर्ट नाही, त्या घराची सुरुवातच तिथून होते. प्रौढ व्यक्तीच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, लहान मुलाची १,०००. आई-वडील आणि दोन मुले धरली तर ५,००० रुपये घरातून पाय बाहेर ठेवण्याआधीच गेले. घाईने हवा असेल तर तत्काळचे माणशी २,००० वेगळे. विमानतळ असलेल्या शहरापर्यंतचा प्रवास, प्रवास विमा, चलन बदलताना होणारी घट, तिकडचे सिमकार्ड हे सगळे पुढे आलेच.

व्हिसाचे नियम सतत बदलतात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला, म्हणूनच तिकडची गर्दी वाढली. मे २०२५ पासून तिथे जाण्यापूर्वी ऑनलाइन आगमन कार्ड भरावे लागते. ते भरायला पैसे लागत नाहीत, पण ते भरून देण्याचे पैसे घेणारे एजंट आहेत. व्हिएतनामच्या एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाला २५ डॉलर लागतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पाहावेत, एजंटच्या शब्दावर राहू नये.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाची कर-कपातही होते. हा वेगळा कर नव्हे. आयकर विवरणपत्र भरले की ती रक्कम करात वळती होते किंवा परत मिळते. पण आपल्यातले अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत, म्हणून त्यांचे ते पैसे अडकून पडतात.

प्रवेश शुल्काची तुलना तर डोळे उघडणारी आहे. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये परदेशी माणसाला ५०० भाट द्यावे लागतात. भाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरला तर माणशी साडेबाराशे ते पंधराशे रुपये झाले. थाई नागरिकाला तिथे पैसे पडत नाहीत. अजिंठ्याला भारतीयांसाठी तिकीट ४० रुपये, परदेशी पर्यटकासाठी ६००, आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. महाबोधी महाविहारात प्रवेशाला शुल्क नाही. आपल्या देशात आपण यजमान असतो, त्याचा हा रोकडा फायदा आहे.

खालच्या पायऱ्या कोणत्या?

रेल्वे ही पहिली पायरी. कोल्हापूर–धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस नागपूर आणि गया दोन्ही स्थानकांवरून जाते. प्रयागराजमार्गे जाणारी मुंबई–हावडा मेलही गयेवरून जाते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. ती तारीख हुकली की तत्काळ तिकीट आणि एजंट यांत पैसे जातात. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे घरातल्या आजी-आजोबांच्या तिकिटाचा हिशेब करताना लक्षात ठेवावे.

राज्यात फिरायचे तर एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, नाशिकची लेणी, कान्हेरी हा ठेवा आपल्या दारात आहे. अजिंठ्याला सोमवारी आणि वेरूळला मंगळवारी सुट्टी असते, एवढे पाहून निघावे.

मुक्कामासाठी बोधगयेत निरनिराळ्या बौद्ध देशांचे विहार आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी दान देऊन साध्या खोलीत राहता येते, पण आधी पत्र किंवा फोन करून जागा पक्की करावी. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथे पूजापाठ आणि मोठ्या धम्मसभा चालतात. खोल्या मिळत नाहीत आणि दर वाढतात. मे-जूनमध्ये जागा असते, पण ऊन सोसवत नाही. ऑक्टोबरअखेर किंवा मार्चची सुरुवात हा मधला मार्ग.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी रजा प्रवास सवलत तपासावी. खासगी नोकरीत प्रवास भत्ता मिळत असेल, तर जुन्या करप्रणालीत चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांचे भाडे करमुक्त धरता येते. ही सूट फक्त देशातल्या प्रवासाला आहे. ६० वर्षांवरील, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. तिच्यात सर्व धर्मांची स्थळे आहेत. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि ज्यांना परदेशच पाहायचा आहे, त्यांच्यासाठी लुंबिनी आहे. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्डावर मात्र विसंबू नये. गोरखपूरहून सोनौलीची सीमा साधारण १०० किलोमीटर, आणि १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे.

रुपयांत न मावणारा खर्च

एवढा हिशेब सांगितल्यावरही काही तरुण म्हणतात, "पण तिकडे कुणी आडनाव विचारत नाही." हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेत नाही. खोली देताना नाव विचारून मग 'खोली शिल्लक नाही' ऐकलेल्या माणसासाठी अनोळखी देशातला मोकळेपणा ही मोठी गोष्ट असते. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले म्हणून त्यांना अडवण्यात आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आपल्या समाजासाठी देशात फिरणे कधीच केवळ पैशांचा प्रश्न नव्हता.

म्हणूनच देशातली वाट सोडून देणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात ज्या चार ठिकाणांना भेट द्यावी असे सांगितले आहे, त्यांतली तीन भारतात आहेत. महाविहाराच्या व्यवस्थापनाचा प्रश्न, १९४९ च्या कायद्याचा प्रश्न आपण मांडतो. तिथे आपली पावले जितकी जास्त पडतील तितके त्या मागणीला बळ येईल.

कर्ज काढून सहल नको

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हप्त्यांवरच्या सहलीची. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज मिळते. पाच दिवसांची सहल संपते, हप्ते वर्षभर चालतात. मग मुलाची क्लासची फी किंवा आईचे औषध मागे पडते. समाजशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवून दिले होते की माणसे अनेकदा गरजेसाठी नव्हे, तर प्रतिष्ठा दिसावी म्हणून खर्च करतात. विमानतळावरचा फोटो हे आजचे तसे चिन्ह आहे. शतकानुशतके ज्यांना प्रतिष्ठा नाकारली, त्यांना ती फोटोतून मिळवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. पण तिची किंमत घराने भरू नये.

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. सहल पहिल्या भागातून व्हावी, चौथ्याला हात लागू नये. एवढा एक नियम पाळला तरी बोधगया की बँकॉक हा वाद निम्मा मिटतो.

तेव्हा पुढच्या सहलीपूर्वी विहारात एक बैठक घ्या. दोन्ही सहलींचे दर एकाच महिन्याचे काढा. घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा खर्च लिहा. पासपोर्ट, विमा, प्रवेश शुल्क, जेवण सुटू देऊ नका. आठ-दहा जणांचा गट करा आणि दरमहा थोडी-थोडी रक्कम बचत गटासारखी जमवा. गटात एखादी विधवा आजी किंवा पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडणारी मुलगी असेल, तर तिचा वाटा सगळ्यांनी मिळून उचला. पैसे पुरत असतील आणि मन असेल तर थायलंडलाही जरूर जा, तिथला धम्म पाहून या. पण 'देशात परवडत नाही' म्हणून जाऊ नका. आधी कागद-पेन घेऊन बसा.

जय भीम, नमो बुद्धाय.