भीमेच्या शिंपल्याची पैदास

सोलापूर जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी शिंपला येथील शेतकऱ्यास अपरिचित नाही. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात या जलाशयाचे पाणी ओसरू लागले म्हणजे काठच्या गाळात शिंपले उघडे पडतात. गोड्या पाण्यातील मोत्यांच्या संवर्धनासाठी आपल्या देशात मुख्यत्वे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचा शिंपला वापरतात. शेततळ्यात मोत्यांची शेती करू इच्छिणाऱ्याने शिंपल्याची पैदास कशी होते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रातील शिंपल्यांची रीत साधी आहे. कोकण किनाऱ्यावरील खडकांना चिकटलेल्या कालवाची मादी लक्षावधी अंडी पाण्यात सोडते. नर आपले रेत पाण्यातच सोडतो व तेथेच फलन होते. सुमारे एका दिवसात अंड्यातून पोहणारा डिंभ तयार होतो. लवकरच त्यास इवलीशी दुहेरी शिंपली फुटते. दोन-तीन आठवडे तो लाटांबरोबर तरंगतो व अखेरीस खडकास कायमचा चिकटतो. बहुतेक डिंभ वाटेतच नाश पावतात. म्हणूनच अंड्यांची संख्या एवढी मोठी असते.

वाहत्या नदीत ही रीत चालणार नाही. तरंगणारे डिंभ प्रवाहाबरोबर वाहून जातील. म्हणून नदीतील शिंपल्याची मादी अंडी बाहेर सोडीत नाही. नराने सोडलेले रेत श्वसनाच्या पाण्याबरोबर तिच्या शरीरात येते व अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. त्या काळात कल्ले जाड व फुगीर दिसतात. पुढे डोळ्यांस जेमतेम दिसतील असे असंख्य डिंभ बाहेर पडतात. त्यांना योग्य जातीचा मासा लवकर न भेटल्यास ते मरतात. भेटल्यास ते त्याच्या कल्ल्यांना किंवा परांना चिमट्याप्रमाणे पकडतात. माशाची त्वचा त्यांच्याभोवती वाढते व त्या कोशात त्यांचे रूपांतर पूर्ण होते. मग पिलू गळून तळाच्या गाळात आपले स्वतंत्र जीवन सुरू करते. निरोगी माशास यामुळे सहसा फारशी इजा होत नाही.

१७९७ मध्ये राथके या शास्त्रज्ञास हे डिंभ शिंपल्याच्या कल्ल्यांत दिसले, तेव्हा ते परोपजीवी प्राणी असावेत असा त्याचा समज झाला. १८६६ मध्ये लायडिग यास ते माशांच्या परांवर आढळले आणि खरा उलगडा होऊ लागला.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात, जेथे मासा नाही व तळाशी गाळही नाही, तेथे शिंपले जाळीत टांगून जगविता येतील. परंतु त्यांची प्रजा वाढणार नाही. दरवर्षी नदीतूनच शिंपले आणावे लागतील, आणि सरसकट उपसा झाला तर नदीही रिती होईल. म्हणून फुगीर कल्ल्यांच्या माद्या आढळल्यास त्या परत पाण्यात सोडाव्यात. उघडे पडलेले जिवंत शिंपले खोल पाण्यात टाकावेत. बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासळी मारू नये व नदीचा तळ वाळूसाठी खरवडू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार व शेतकरी यांस एकत्र बसवून ही गोष्ट समजावून द्यावी. नदीत मासा टिकला तरच शिंपला टिकेल, आणि शिंपला टिकला तरच मोत्याची आशा धरता येईल.